मंद आचेवरचं यंत्र

संसारातल्या मोठ्या खरेदीत बाईचं मत कुठवर विचारायचं, ह्याची प्रत्येक घरात एक अलिखित सीमा असते. साडी, भांडी, पडदे हे तर आपलंच राज्य. फ्रीजचा रंग, कपाटाचे कप्पे, मिक्सरची भांडी इथपर्यंतही आपल्याला विचारतात. पण वस्तूच्या आत मोटर, चिप किंवा इंजिन आहे म्हटलं की पुरुषमंडळी पुढे सरसावतात. "ते आम्ही बघतो," असं म्हणतात आणि आपण दुकानातल्या स्टुलावर बसून सरबत पितो. गंमत अशी की त्या यंत्राचं विजेचं बिल, त्याची धूळ, त्याची दुरुस्ती आणि त्याच्यावरून होणारी भांडणं पुढची पाच वर्षं आपल्याच वाट्याला येतात.

गेल्या वर्षी मला त्या स्टुलावरून उठावं लागलं. आमच्या थोरल्या दिरांची मुलगी अकरावी-बारावीसाठी दोन वर्षं लातूरला आमच्याकडेच होती. पोरगी अभ्यासात बेताची, पण हातात पेन्सिल दिली की समोरचा माणूस कागदावर उतरवणारी. बारावीनंतर तिला पुण्यात अॅनिमेशनच्या पदवीला प्रवेश मिळाला आणि कॉलेजातून सामानाची यादी आली. यादीत पहिलीच ओळ होती ती लॅपटॉपची: स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेला हवा. दुकानात चौकशी केली तर असल्या लॅपटॉपला म्हणतात 'गेमिंग लॅपटॉप'. झालं! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "पोरीच्या जातीला खेळाचं यंत्र कशाला? शिकायला चालली का खेळायला?"

आता ह्यात सासूबाईंचा तरी काय दोष? नावच तसं आहे. पण खेळातला राक्षस पडद्यावर धावताना जी चिप त्याचं चित्र काढते, तीच चिप पोरीनं रचलेलं हलतं चित्रही काढते. शिवणयंत्रावर झबलं शिवा नाहीतर पैठणीचा ब्लाऊज शिवा, यंत्र तेच.

दिरांनी गावाकडून पैसे पाठवले. औशाजवळची कोरडवाहू जमीन, त्यातलं वर्षभराचं सोयाबीन विकून आलेली रक्कम. फोनवर एवढंच म्हणाले, "तू शिकलेली आहेस, तूच बघ. फसवून घेऊ नका." मी बी.ए. मराठीची, शाळेत अर्धा दिवस पाचवी-सहावीला शिकवते. चिप म्हटली की मला बटाट्याची आठवते. पण सोयाबीनच्या पैशाचं ओझं काय असतं ते मला माहीत आहे.

दुकानात दोन लॅपटॉप पुढे आले. दोन्हींवर तोच स्टिकर, आरटीएक्स ४०६०. एक जाड, अडीच किलोच्या घरातला, त्याचा चार्जर म्हणजे अर्धी वीटच. दुसरा वहीसारखा पातळ, वजनानं किलोभर कमी, आणि किमतीनं मात्र जास्त. मी विचारलं, "आतली चिप एकच ना? मग फरक कसला?" विक्रेता आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "सर, तो स्लिम आहे." मी पुन्हा विचारलं, "स्लिम आहे ते दिसतंय. पातळ करताना काय काढून घेतलं?" त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही त्या दिवशी हात हलवत परत आलो, आणि पुढचे तीन आठवडे मी दुपारी जेवणं झाल्यावर ह्याच विषयाच्या मागे लागले. त्यातून जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे मांडते. कारण आज ना उद्या तुमच्याही मुलांची यादी येणारच आहे.

आधी ही ग्राफिक्स चिप करते काय ते पाहू. ठिपक्यांची रांगोळी आपण सगळ्याजणी काढतो. लॅपटॉपचा पडदा म्हणजे तशीच एक प्रचंड रांगोळी. साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा, वीस लाखांच्या वर ठिपके झाले. चित्र हलतं दिसायला हवं, तर ही सगळी रांगोळी पुसून एका सेकंदात साठ वेळा नवीन काढायची. म्हणजे सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास ठिपके, प्रत्येकाचा रंग वेगळा. एकटी बाई, कितीही चपळ असली तरी, हे करू शकणार नाही.

म्हणून ग्राफिक्स चिपमध्ये एकटी हुशार बाई नसते, बायकांची रांग असते. लग्नघरात पोळ्यांना बसलेल्या बायका आठवा. मुख्य स्वयंपाकीण म्हणजे लॅपटॉपचा साधा प्रोसेसर. ती हुशार, सगळ्या पदार्थांचं तिला ठाऊक, पण हात दोनच. पोळ्यांच्या बायकांना श्रीखंड येत नसेल, पण सगळ्याजणी एकाच वेळी एकच काम करतात, म्हणून पाचशे पानं उठतात. आरटीएक्स ४०६० च्या लॅपटॉपमधल्या चिपवर असे ३०७२ हात आहेत. त्यांना 'कोअर' म्हणतात. आणि ही चिप आकारानं आपल्या रुपयाच्या नाण्याहूनही लहान!

आता इतके हात एवढ्याशा जागेत राबले की काय होणार? उकाडा. जुन्या काळचा शंभर वॉटचा पिवळा दिवा चालू असताना त्याला हात लावून बघितलाय कधी? लॅपटॉपमधली चिप तेवढीच वीज खाते, आणि खाल्लेली वीज सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. दिव्याची काच निदान मोठी असते. इथं सगळी आग नखाएवढ्या तुकड्यावर, भोवती चपटा डबा आणि वारा घालायला दोन पंखे. टेबलावरच्या मोठ्या संगणकाला त्याची फिकीर नसते, कारण त्याचं खोकं मोठं. लॅपटॉपमध्ये सगळा खेळ ह्या उष्णतेचाच आहे. वीस वर्षांपूर्वीपर्यंत एक सोय होती. चिपवरचे भाग लहान होत गेले की त्यांचा विजेचा खर्चही त्याच प्रमाणात घटायचा. रॉबर्ट डेनार्ड नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं १९७४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर हा हिशेब मांडला होता. साधारण २००५-०६ च्या सुमारास ती सोय संपली. भाग लहान होत राहिले, पण तापणं त्या प्रमाणात कमी होईना.

म्हणून बरीच वर्षं खेळाचे लॅपटॉप म्हणजे दोन-दोन इंच जाड, चार-चार किलोंचे धोंडे असायचे. नावाला मांडीवरचे, पण मांडीवर घेण्याची कुणाची छाती नव्हती.

ह्याला वळण लागलं २०१७ च्या मे महिन्यात. तैवानची राजधानी तैपेई इथं कॉम्प्युटेक्स नावाचं संगणकांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथं एनव्हिडिया ह्या अमेरिकन कंपनीनं 'मॅक्स-क्यू' नावाची रचना मांडली. नाव अग्निबाणाच्या शास्त्रातून घेतलेलं. अग्निबाण वर जाताना एका क्षणी त्याच्या अंगावर हवेचा दाब सर्वात जास्त असतो, त्या क्षणाला मॅक्स-क्यू म्हणतात. अमेरिकेचं स्पेस शटल उडायचं तेव्हा त्या टप्प्याच्या आसपास इंजिनांचा जोर मुद्दाम कमी करीत आणि दाब ओसरला की पुन्हा वाढवीत. सगळा जोर लावत राहिलं तर यान मोडेल, हे साधं गणित.

एनव्हिडियानं तेच केलं. त्या वेळची त्यांची जीटीएक्स १०८० ही मोठी चिप टेबलावरच्या संगणकात १८० वॉट घ्यायची आणि जाड लॅपटॉपमध्ये १५० वॉट. मॅक्स-क्यू प्रकारात तिला ९० ते ११० वॉटच दिले. चिप तीच, तिच्यावरचे २५६० हात तेच, फक्त प्रत्येक हाताचा वेग थोडा कमी. त्याच वर्षी ही चिप घालून आसुसचा झेफिरस नावाचा लॅपटॉप आला. तो जास्तीत जास्त १८ मिलिमीटर जाड आणि सव्वादोन किलोंच्या आसपास. झाकण उघडलं की त्याचा तळ किंचित उघडायचा आणि खालून हवा आत जायची. आपण पातेल्यावर झाकण कलतं ठेवतो ना, तसंच काहीसं. आणखी एक अट होती, पंख्यांचा आवाजही मर्यादेत हवा, ४० डेसिबलच्या आत.

आता तुम्ही म्हणाल, वीज एवढी कमी केली तर कामही तेवढंच कमी होणार. इथंच खरी मेख आहे, आणि ती कळली तेव्हा मला अगदी आपल्या ओट्यावरची गोष्ट वाटली. कुकरला शिट्टी आली की आपण गॅस बारीक करतो. का? आतलं पाणी उकळतंच आहे, मोठ्या आचेनं डाळ काही दुप्पट वेगानं शिजत नाही, गॅस मात्र दुप्पट जातो. चिपचंही तसंच आहे. चिपचा विजेचा खर्च दोन गोष्टींवर ठरतो: ती किती वेगानं चालते आणि तिला किती व्होल्टेजचा जोर द्यावा लागतो. वेग वाढवायचा तर जोरही वाढवावा लागतो, आणि जोराचा परिणाम खर्चात दोनदा गुणला जातो. उलट बाजूनं हिशेब करून बघा. वेग दहा टक्के कमी केला, त्याबरोबर जोरही दहा टक्के कमी झाला. मग खर्च झाला ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.७३ च्या आत. कामाचा वेग दहा टक्के गेला आणि वीज सत्तावीस टक्के वाचली! शंभर वॉटच्या जागी त्र्याहत्तर. हा हिशेब मी फळ्यावर नाही, किराणाच्या यादीमागे केला, आणि दोनदा तपासला.

म्हणूनच थोड्या हातांना पळवण्यापेक्षा जास्त हातांना सावकाश काम देणं स्वस्त पडतं. पोळ्यांना पाच जणी बसवून त्यांच्या मागे 'आटपा, आटपा' केलं तर पोळ्या करपतात आणि बायकाही. दहा जणी गप्पा मारत लाटतात तेव्हा तेवढ्याच पोळ्या होतात आणि कुणाची पाठ धरत नाही.

दुकानातलं कोडं इथं सुटायला लागलं. २०१७ ते २०२० पर्यंत मंद आचेच्या चिपच्या नावातच 'मॅक्स-क्यू' लिहिलेलं असे, त्यामुळे गिऱ्हाइकाला निदान सुगावा लागायचा. २०२१ पासून ते शब्द चिपच्या नावातून गेले. तक्रारी झाल्यावर एनव्हिडियानं लॅपटॉप बनवणाऱ्यांना सांगितलं की ग्राफिक्सला किती वॉट दिलेत ते माहितीत लिहा. पण स्टिकरवर तो आकडा काही येत नाही. आमच्या आरटीएक्स ४०६० चंच बघा. लॅपटॉपमध्ये ती चिप ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही ठेवायची मुभा बनवणाऱ्याला आहे. २०२५ मध्ये आलेल्या ५०७० ला ५० ते १०० वॉट. म्हणजे नाव एक, पण एकीला उपास आणि दुसरीला पंगत.

वरच्या दर्जात तर आणखी फसगत. टेबलावरच्या संगणकातली आरटीएक्स ५०९० ही ५७५ वॉट खाते आणि तिच्यावर २१,७६० कोअर आहेत. लॅपटॉपमधल्या ५०९० ला ९५ ते १५० वॉट, आणि कोअर १०,४९६. ती चिपच वेगळी, निम्म्याहून कमी हातांची. आडनाव एक म्हणून दोन घरं एक होत नाहीत, हे आपल्याला लग्न जमवताना कळतं, तसं इथंही लक्षात ठेवावं.

वीज वाचवण्याच्या दुसऱ्याही युक्त्या गेल्या काही वर्षांत आल्या. साधं लिखाण किंवा सिनेमा चालू असताना मोठी चिप झोपवून ठेवायची आणि प्रोसेसरमधल्या लहान ग्राफिक्सवर भागवायचं, ही सोय २०१० पासून आहे. चहाच्या आधणाला आपण मोठा बर्नर लावत नाही, तसंच. २०२० मध्ये आणखी एक सोय आली. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप ह्या दोघांना मिळून एकच वीज ठरवायची, आणि ज्या क्षणी ज्याला गरज जास्त त्याच्याकडे ती वळवायची. हे वाचताना मला हसू आलं. महिन्याच्या पंचवीस तारखेला आपण दुसरं काय करतो? शाळेची फी आली की किराणा थोडा आवळायचा, पाहुणे आले की फी पुढच्या आठवड्यात. तिसरी युक्ती रांगोळीची. चित्र आधी थोड्या ठिपक्यांत काढायचं आणि उरलेले ठिपके शिकवून ठेवलेल्या गणितानं भरायचे. डीएलएसएस नावाची ही पद्धत २०१८ पासून आहे. आणि सर्वात सोपी, फुकटची युक्ती म्हणजे सेकंदाला चित्रं किती काढायची ह्याची मर्यादा घालून देणं. साठ पुरत असतील तर एकशे चाळीस कशाला?

ह्या वाटेवर दुसऱ्या कंपन्याही आहेत. अॅपलनं २०२० मध्ये एम-१ नावाची चिप काढली. तीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकत्रच, आणि तिच्यावर चालणाऱ्या मॅकबुक एअरला तर पंखाच नाही. एएमडीनं २०२५ मध्ये रायझन एआय मॅक्स म्हणून मोठं ग्राफिक्स पोटात घेतलेली चिप आणली. आणि आपल्याला बरं वाटावं अशी गोष्ट म्हणजे एनव्हिडियाचं काम बंगळूर-हैदराबादप्रमाणे आपल्या पुण्यातही चालतं. पुतणीला हे सांगितलं तर म्हणाली, "काकू, तू मला शिकायला पाठवतेयस का नोकरीला?"

पण पातळ यंत्राचे दुर्गुणही सांगायलाच हवेत, नाहीतर मी त्या विक्रेत्यापेक्षा वेगळी ती काय? एक तर तेवढ्याच पैशात जाड यंत्र वेगवान मिळतं. पातळपणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. दुसरं, पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. म्हणून घेतानाच पुरेशी घ्यावी. तिसरं, खेळ किंवा जड काम बॅटरीवर फार चालेल ही आशा सोडावी. विमानात प्रवाशाला खास परवानगीशिवाय शंभर वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून बनवणारेही त्यापलीकडे जात नाहीत. यंत्र सगळं मिळून शंभर वॉट खात असेल तर सर्वात मोठी बॅटरीही तासाभरात संपणार, हे उघड आहे. शिवाय प्लग काढला की ही यंत्रं आपला वेग आपणच कमी करतात.

विजेच्या बिलात किती फरक पडतो, हेही मी काढून बघितलं. जाड यंत्र भर कामात एकूण २०० वॉट घेतं आणि पातळ १२० असं धरा. रोज चार तास जड काम. महिन्याला एकाचे २४ युनिट, दुसऱ्याचे १४ च्या वर थोडे. फरक दहा युनिटांच्या आतला. म्हणजे वीज वाचवायला म्हणून पातळ यंत्र घेणं हा काही शहाणपणा नाही. जुना ७५ वॉटचा पंखा काढून तीसेक वॉटचा नवा बीएलडीसी पंखा बसवलात तर तेवढी बचत सहज होते.

फरक आहे तो उन्हाळ्याचा. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिसाच्या वर जातो. पंखा यंत्राला वारा घालतो तो खोलीतलाच, आणि तोच तापलेला. कमी वॉटचं यंत्र त्या दिवसांत कमी गरम हवा ओकतं, त्याचे पंखे कमी ओरडतात. आणि दिवे गेले की घरच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे, चार दिवे आणि सव्वादोनशे वॉटचा चार्जर असा सगळा संसार टाकला तर तो किती वेळ दम धरेल, ते ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यानंच सांगावं.

एवढं सगळं वहीत उतरवून मी पुतणीपुढे ठेवलं. म्हटलं, "पैसे तुझ्या बाबांचे, पाठ तुझी आणि काम तुझं. ठरव." तिनं वही दोन दिवस स्वतःकडे ठेवली. मग म्हणाली, "काकू, रोज खोलीवरून कॉलेजला सिटी बसनं जायचंय, लॅपटॉप पाठीवर घेऊन. खोलीत आम्ही तिघी राहणार. रात्री काम करायचं तर पंख्याचा आवाज नको. चित्र तयार व्हायला दहा मिनिटं जास्त लागली तर लागू दे, तेवढ्यात मी जेवीन." पातळ यंत्राला ग्राफिक्ससाठी ८० वॉट आहेत आणि जाडाला ११५, एवढं तोवर आम्ही नमुना-क्रमांकावरून शोधून काढलं होतं.

मग दिरांना फोन. तिकडून अपेक्षित प्रश्न आलाच. "जास्त पैसे देऊन कमी ताकदीचं यंत्र? हा कुठला व्यवहार?" आमचे हे फोन घेऊन काही सांगणार, तेवढ्यात पुतणीच बोलली. "बाबा, आपल्या बोअरला पाणी तीन एचपीचं. त्यावर साडेसातची मोटर बसवली तर पाणी जास्त येईल का?" पलीकडे क्षणभर शांतता. मग दीर म्हणाले, "मोटर जळंल." आणि जरा थांबून, "घ्या मग तेच." मला जे समजायला तीन आठवडे लागले ते बाप-लेकीनं दोन वाक्यांत संपवलं. पण सासूबाईंनी त्या संध्याकाळी शेजारणीला जे सांगितलं ते मी दारामागून ऐकलं. "आमची नात सिनेमातली चित्रं काढायला शिकणार आहे. त्याला मोठं यंत्र लागतं." खेळाचा शब्द त्यातून केव्हाच गळाला होता.

एक गोष्ट मात्र ह्या सगळ्या वाचनातून माझ्या डोक्यात राहून गेली. चिप बनवणाऱ्यांनी कोट्यवधी खर्चून काय शोधलं, तर नेहमी शंभर टक्के जोरानं चालवलेलं यंत्र चांगलं काम करत नाही, ते तापतं, ओरडतं आणि शेवटी आपणच मंदावतं. शेवटच्या दहा टक्क्यांसाठी पाव हिश्श्याहून जास्त ताकद जळते. आपल्या घरातून ते शेवटचे दहा टक्के रोज मागितले जातात. शाळा, स्वयंपाक, पाहुणे, सणवार हे सगळं तर होतंच. त्यावर चटणी वाटलेलीच हवी, डब्यात तिसरा पदार्थ हवाच, आणि वर चेहरा हसरा. आम्हा बायकांना कुणी वॉटची मर्यादा आखून देत नाही, आणि मागायची आपल्यालाही लाज वाटते. पुतणी पुण्याला गेल्यापासून मी रविवारी संध्याकाळी स्वयंपाक करत नाही. आमचे हे खिचडी टाकतात. पहिल्या रविवारी ती खाली लागली, आता बरी होते. घराचं काही अडलेलं नाही.

तर मैत्रिणींनो, तुमच्यावर अशा खरेदीची वेळ आली तर दुकानात इतकं जरूर विचारा. पहिलं, चिपचं नाव कळलं, आता तिला वॉट किती? ह्याला 'टीजीपी' म्हणतात. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात बघायला लावा, किंवा चालू करून ठेवलेल्या यंत्रात एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधलं माहितीचं पान उघडायला सांगा. तिथं ग्राफिक्सची कमाल वीज लिहिलेली असते. दुसरं, मेमरी पुढे वाढवता येते का? तिसरं, हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर पडते? खालून जात असेल तर ते यंत्र गादीवर, दुलईवर किंवा उशीवर ठेवून कधीच चालवायचं नाही, हे मुलांना पहिल्या दिवशीच बजावा. चौथं, चार्जर किती वॉटचा आणि वजनाला किती? पाठीवर तोही असतो. पाचवं, आपल्या गावात दुरुस्ती कुठं होते?

घरी आल्यावरही थोडी काळजी घ्यावी. वर्ष-सहा महिन्यांनी जाणकाराकडून पंख्यातली धूळ काढून घ्यावी. आपल्या मिक्सरच्या जाळीत किती पीठ बसतं ते आठवा. यंत्र बहुतेक वेळ प्लगवरच असेल तर बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय पुष्कळ यंत्रांत असते, ती लावून ठेवावी. आणि यंत्रात 'शांत', 'मध्यम' आणि 'पूर्ण जोर' असे प्रकार दिलेले असतात. मुलं हटकून तिसरा लावतात. रोजच्या कामाला मधला पुरतो.

आणि हो, दुकानात विक्रेता दुसऱ्या कुणाकडे बघून उत्तर देऊ लागला, तर त्याला मध्येच थांबवून सांगावं, "प्रश्न मी विचारलाय." दुसऱ्या खेपेला मी तसंच सांगितलं. त्यानं मुकाट्यानं माझ्याकडे तोंड केलं, माहितीपत्रक काढलं, आणि आम्ही दोघांनी मिळून तो वॉटचा आकडा शोधला.